कोणत्या मातीसाठी कोणती नक्षी

बार्शीच्या पुढे मुख्य रस्ता सोडून दीडएक किलोमीटर आत, ज्वारीच्या रानांमधून जाणाऱ्या एका पाणंदीवर माझी गाडी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं रुतली. गाडी फोर व्हील ड्राइव्ह, चारही टायर नवेकोरे, आणि तेही ‘मड टेरेन’ म्हणजे चिखलासाठीच बनवलेले. आदल्या रात्री अवकाळी पाऊस होऊन गेला होता. पन्नास पावलांत टायरच्या सगळ्या खाचा काळ्या मातीनं लिंपल्या गेल्या आणि चाकांची गुळगुळीत लाटणी झाली. आणखी थोडं पुढे गेल्यावर मडगार्डच्या आत इतका चिखल साठला की स्टिअरिंग वळवलं तरी चाकं वळेनात.

शेजारच्या रानातून एक वयस्कर शेतकरी आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, वाकून टायरवरचा चिखल बोटानं खरवडला आणि म्हणाले, “सायेब, टॅक्टर आणला तर त्योबी हितंच बसंल. दोन उनं पडू द्या. वापसा आला की गाडी आपसूक निघंल.”

“मामा, पण हे टायर चिखलासाठीच असतात,” मी म्हणालो.

“कुठल्या चिखलासाठी?” त्यांनी विचारलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, चाकांभोवतीची माती फावड्यानं मोकळी केल्यावर, गाडी खरोखरच पहिल्या गिअरमध्ये सरळ चालत बाहेर आली. पण मामांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. ऑफरोड टायर घ्यायला निघालेला प्रत्येक जण टायरपासून सुरुवात करतो: कोणत्या कंपनीचा, किती रुंद, नक्षी किती दणकट. मामांनी जमिनीपासून सुरुवात केली होती, आणि तीच बरोबर सुरुवात होती.

वाफसा हा शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला आहे. पाऊस थांबल्यावर जमिनीतलं जास्तीचं पाणी झिरपून जातं, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पुन्हा हवा खेळू लागते, आणि ढेकूळ हातात दाबलं तर चिकटत नाही, भुगा होऊन पडतं. ही ती अवस्था. पेरणी, कोळपणी सगळं वाफशावर. वाफसा नसताना औत घातलं तर बैलही अडकतो आणि जमीनही खराब होते. औताचा नियम गाडीलाही लागू पडतो.

देशावरची काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात त्याच रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ती दोन गोष्टी एकदम करते. स्वतःच्या थरांवर साबणासारखी घसरते आणि रबराला मात्र सरसासारखी चिकटते. मड टेरेन टायरची सारी करामत त्याच्या मोठाल्या खाचांत असते. चाक वेगानं फिरलं की खाचांत भरलेला चिखल बाहेर भिरकावला जातो, खाच पुन्हा रिकामी होते आणि पुढच्या फेरीला पुन्हा जमीन पकडते. चिखल पातळ असेल, वाळूमिश्रित असेल तर हे झकास चालतं. काळी माती मात्र सोडतच नाही. तिला झटकण्याइतका वेग द्यायला जावं तर चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं आणि गाडी पोटावर बसते.

कोकणातला चिखल वेगळा. तिथे खाली जांभा असतो, किंवा भातखाचरात वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं तयार झालेला घट्ट थर असतो. वर वीतभर राड, खाली टणक तळ. अशा ठिकाणी अरुंद टायरच बरा, कारण तो राड कापून खाली जातो आणि तळाला टेकतो. रुंद टायर वरच्या राडीवरच तरंगत घसरतो. जुन्या जिप्सीचे लोक आजही अभिमानानं सांगतात की त्यांची बारीक चाकांची गाडी जिथून गेली तिथे मोठ्या गाड्या अडकल्या. त्यात अतिशयोक्ती थोडी असेल, पण भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. उलट जिथे तळच नाही, अशा खोल दलदलीत किंवा वाळूत, गाडीचं वजन जास्तीत जास्त जागेवर पसरणं हाच उपाय. म्हणजे ‘रुंद चांगला की अरुंद’ या वादाला खाली तळ आहे की नाही हे कळल्याशिवाय उत्तरच नाही. म्हणून चिखलात गाडी घालण्याआधी खाली उतरून काठीनं तळ बघावा. सोबत कुणी असेल तर त्याला पुढे चालायला सांगावं. मी तरी आता याशिवाय पुढे जात नाही.

घाटमाथ्यावर तिसराच प्रकार. मुळशी, वेल्हे, भोर या बाजूच्या धनगरवाड्यांकडे जाणाऱ्या वाटा म्हणजे मुरूम, सुटे धोंडे, मधूनच उघडा पडलेला कातळ आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ. मुरूम हा गाडीवाल्याचा मित्र. पाणी झिरपतं, माती चिकटत नाही, टायरला पकड मिळते. शेवाळलेला कातळ मात्र खोल नक्षीला दाद देत नाही. तिथे पकड येते ती रबराच्या मऊपणातून आणि गट्ट्यांवर कापलेल्या बारीक चिरांतून. या चिरा दाबाखाली उघडतात आणि त्यांच्या कडा ओल्या पृष्ठभागाला धरतात. मड टेरेनच्या गट्ट्यांवर अशा चिरा कमी असतात, कारण जास्त चिरा दिल्या तर दगडावर गट्टे फाटून निघतील. या वाटांवरचा सर्वात मोठा धोका नक्षीच्या बाजूला असतोच कुठे? तो असतो टायरच्या कुशीला. टोकदार धोंडा साइडवॉलमध्ये घुसला की टायर गेला, कारण तिथलं पंक्चर विश्वासानं काढता येत नाही.

आता बाजारात मिळणाऱ्या जाती पाहू. एचटी म्हणजे हायवे टेरेन, रस्त्याचा टायर. खाचा उथळ, चिरा भरपूर, आवाज कमी. बहुतेक एसयूव्हींना कारखान्यातून हाच मिळतो. एटी म्हणजे ऑल टेरेन, मधला. गट्टे मोठे, खाचा खोल, पण चिराही बऱ्यापैकी. एमटी म्हणजे मड टेरेन. त्यात रबरापेक्षा मोकळी जागा डोळ्यांत भरते आणि गट्टे साइडवॉलवरही उतरलेले असतात. अलीकडे एटी आणि एमटीच्या मध्ये आरटी नावाची, रगेड टेरेन, अशी एक जातही आली आहे. अक्षरांवर फार विसंबू नये. एका कंपनीचा एटी दुसऱ्या कंपनीच्या एचटीपेक्षा जेमतेम खडबडीत असतो, तर तिसऱ्याचा जवळजवळ एमटी असतो. टायर उभा करून समोरून पाहावा. जमिनीला टेकणारं रबर किती आणि मोकळी जागा किती, खाचा बाजूला उघडतात की आतल्या आत संपतात, खाचांच्या तळाशी दगड अडकू नयेत म्हणून छोटे उंचवटे दिलेत का, हे पाच मिनिटांत दिसतं.

गट्ट्यांकडे पाहताना आणखी एक गमतीची गोष्ट दिसेल. एकाच टायरवर सगळे गट्टे सारख्या लांबीचे नसतात. सारखे असते तर रस्त्यावर आपटताना एकाच सुरात भोंग्यासारखा आवाज आला असता. लांबी कमीजास्त ठेवून तो आवाज निरनिराळ्या सुरांत विखुरला जातो. तरीही एमटी टायर ताशी ऐंशीला गुणगुणतातच. वर्षभरानंतर गट्टे तिरके झिजले की ती गुणगुण घरघर होते. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना मागच्या सीटवरच्या आईशी बोलता येत नाही, हा तोटा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

आवाज सोसता येतो. ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर गाडी कुठे थांबते, हे सोसण्यातलं नाही. एमटीचं डांबराला टेकणारं रबर कमी, चिरा कमी आणि उंच गट्टे ब्रेकच्या जोरानं डुलतात. जुलैच्या सरीत द्रुतगती मार्गावर एमटी टायरची गाडी एचटीवाल्या गाडीपेक्षा उशिरा थांबते. म्हणून टायर निवडताना प्रत्येकानं स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं की माझी गाडी वर्षभरात जास्त किलोमीटर कुठे धावते. महाराष्ट्रातल्या बहुतेक फोर बाय फोर गाड्या आठवड्याचे पाच दिवस कचेरीत जातात, महिन्यातून एकदा घाट उतरतात आणि पावसाळ्यात चार-सहा वेळा चिखल बघतात. त्यांच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: मजबूत कुशीचा चांगला एटी. एमटी त्यांनीच घ्यावा ज्यांची गाडी खरोखर चिखलात राबते, आणि ज्यांना सर्वत्र थोडं हळू चालवायची सवय आहे.

पण जातीपेक्षा महत्त्वाची गोष्ट टायरच्या आत असते आणि ती फुकट मिळते. ती म्हणजे हवा.

साडेसतराशे-अठराशे किलोची गाडी धरा. एका चाकावर साधारण ४५० किलो येतात. टायरमध्ये ३० पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोचा दाब. भागाकार केला तर जमिनीला टेकलेली जागा निघते सुमारे २१० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन पोस्टकार्डांएवढी. हवा १५ वर आणली की तीच जागा जवळजवळ दुप्पट होते. टायरच्या कुशीचा ताठपणा धरला तर हिशेब थोडा हलतो, पण दिशा तीच. आणि ही जागा रुंदीत फारशी वाढत नाही, लांबीत वाढते. टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट टेकतो, धोंड्यावर आपटण्याऐवजी त्याच्याभोवती वळतो, वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावर पसरतो.

वाळवंटातल्या मोटारींच्या इतिहासात याचा एक सुरेख धडा आहे. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश सैनिकी अधिकारी १९२० आणि ३० च्या दशकांत रजेच्या दिवसांत मित्रांसह इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन हिंडत असे. या गाड्यांना फोर व्हील ड्राइव्ह नव्हता, आजच्यासारखे टायर तर नव्हतेच. ज्या टेकाडांवरून मोटार जाणं अशक्य मानलं जाई, ती त्यांनी ओलांडली ती टायरमधली हवा कमी करून, वाळूचा पोत वाचून आणि रुतलेल्या चाकांखाली पोलादी पट्ट्या सरकवून. पुढे १९४० मध्ये त्यानं दुसऱ्या महायुद्धातली प्रसिद्ध वाळवंटी टेहळणी तुकडी उभी केली आणि १९४१ मध्ये वाळूच्या टेकाडांच्या भौतिकशास्त्रावर पुस्तक लिहिलं, जे त्या विषयात आजही पायाभूत मानतात. वाळूत गाडी कशी चालते हे त्याला कळलं, कारण त्यानं गाडीइतकाच वाळूचा अभ्यास केला.

वाळूत तर नक्षी शत्रूच. एमटीचे गट्टे फाळासारखे वाळू उकरतात आणि गाडी जिथल्या तिथे खाली जाते. जैसलमेरच्या टेकाडांवर १५ ते १८ पीएसआयवर चालणारा झिजलेला एचटी नव्या एमटीला मागे टाकू शकतो. आपल्या कोकणकिनाऱ्यावर मात्र हा प्रयोग करू नये असं मला मनापासून वाटतं. ओहोटीला कडक वाटणारी ओली वाळू भरती येताच पोकळ होते आणि लाटांत अडकलेल्या गाड्यांचे फोटो दर सुट्टीत दिसतात. त्याहून वाईट म्हणजे वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ती घरटी वाळूखाली असतात, वरून दिसत नाहीत. सड्यांचंही तसंच. जांभ्याच्या पठारावर मातीचा थर बोटभर असतो, आणि त्याच थरात पावसाळी फुलांचं वर्षभराचं बी असतं. एमटीच्या एका फेरीनं तो थर उखडला तर पुढच्या श्रावणात तिथे फक्त चाकोरी दिसते.

हवा कमी करण्याचे आकडे गाडीच्या वजनावर आणि टायरवर ठरतात, पण माझ्या वापरातले सांगतो. कच्च्या खडकाळ वाटेवर २४ ते २६. चिखलात आणि मोठ्या धोंड्यांवर १८ ते २२. खोल वाळूत १५ ते १८. पंधराच्या खाली साध्या रिमवर जाऊ नये, कारण वळताना टायरची कड रिमवरून सुटू शकते. हवा कमी असताना गाडी हळूच चालवायची, आणि डांबर लागलं की ताबडतोब भरायची. कमी हवेचा टायर वेगात सतत वाकतो, वाकल्यानं तापतो आणि तापून फाटतो. म्हणून हवा कमी करणाऱ्याकडे हवा भरण्याचं यंत्र हवंच. चांगला प्रेशर गेज आणि बॅटरीवर चालणारा दणकट कॉम्प्रेसर यांना मिळून एका टायरच्या किमतीपेक्षा कमीच पैसे पडतात. ज्याच्याकडे हे दोन नाहीत त्यानं नवे टायर घेण्याआधी हे घ्यावेत.

लडाखला जाणारे मराठी गाडीवाले हवेबद्दल नेहमी एक प्रश्न विचारतात: उंचीवर टायर फुगतात का? हिशेब करू. पुण्यात ३० अंश तापमानाला ३२ पीएसआय भरलेला टायर. खारदुंग ला जवळजवळ ५,३५० मीटरवर, तिथे बाहेरच्या हवेचा दाब पुण्यातल्यापेक्षा सुमारे ६ पीएसआयनं कमी. म्हणजे नुसत्या उंचीमुळे गेज ३८ दाखवील. पण तिथे तापमान शून्याजवळ असेल तर थंडीनं आतली हवा आकुंचन पावते आणि साडेचार-पाच पीएसआय उतरतात. दोन्ही मिळून काटा ३३-३४ च्या आसपास येतो. उंची जे चढवते ते थंडी उतरवते. त्यामुळे वाटेत घाईघाईनं हवा काढू नये. सकाळी टायर गार असताना मोजावं आणि मगच ठरवावं. बर्फाबद्दल एकच सांगतो. गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर एमटीचे रांगडे गट्टे काही कामाचे नाहीत. ज्या टायरच्या कुशीवर तीन शिखरांमधल्या हिमकणाचं चिन्ह असतं, तो बर्फातल्या पकडीच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असणं त्या तोडीचं नाही. आणि काचेसारख्या बर्फावर साखळ्यांना पर्याय नाही.

आता टायरच्या कुशीवरची अक्षरं. २४५/७५ आर१६ याचा अर्थ टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, कुशीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल, रिम १६ इंची. २०२० च्या थारला कमी किमतीच्या मॉडेलमध्ये हे माप मिळत होतं आणि वरच्या मॉडेलमध्ये २५५/६५ आर१८. दुकानात अठरा इंची रिम दिमाखदार दिसते. हिशेब केला तर पूर्ण चाकाची उंची पहिल्याची सुमारे ७७४ मिलिमीटर, दुसऱ्याची ७८९. फरक जेमतेम दीड सेंटिमीटर. पण कुशीची उंची पहिल्याची १८४ आणि दुसऱ्याची १६६. ऑफरोडला हवा कमी केल्यावर वाकणारी, धोंड्याचा धक्का गिळून रिमला वाचवणारी गोष्ट ही कूसच असते. म्हणून मी सोळा इंची रिमच्या बाजूचा. ज्यांना स्वस्त मॉडेल घेतल्याची खंत आहे, त्यांनी ती सोडून द्यावी. वाटेवर त्यांचंच चाक जास्त कामाचं आहे.

चाक मोठं करायचा मोह सगळ्यांना होतो. जिम्नीचं मूळ माप १९५/८० आर१५, उंची ६९३ मिलिमीटर. त्याऐवजी २१५/७५ आर१५ बसवलं तर उंची सुमारे ७०३, म्हणजे दीड टक्का वाढ. हे निभतं. पण २३५/७५ आर१५ बसवलं तर ७३३, म्हणजे जवळजवळ सहा टक्के. यातून गाडीचं पोट वर येतं फक्त निम्म्यानं, वीस मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटरनं शंभरचा काटा दाखवला तर गाडी मूळ चाकांवर जेवढी धावली असती त्यापेक्षा सहा टक्के जास्त वेगानं धावते, जड चाक फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त मेहनत पडते, डिझेल-पेट्रोल जास्त लागतं, आणि पूर्ण वळवलं की टायर आत घासतो. मापात तीन टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करू नये, हा पाळण्यासारखा आडाखा आहे. कायद्याचाही प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल नोंदणी केलेल्या गाडीत करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस मडगार्डबाहेर आलेली चाकं आधी बघतो.

मापानंतर लिहिलेले अंक आणि अक्षर बरेच जण वाचतच नाहीत. १११ म्हणजे एक टायर १०९० किलो पेलू शकतो, १०० म्हणजे ८०० किलो. त्यापुढचं क्यू म्हणजे ताशी १६० पर्यंत, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. एमटी टायर बहुतेक क्यूचे असतात, कारण जड गट्टे वेगात तापतात. मूळ टायरपेक्षा कमी भारांक कधीही घेऊ नये. मापाआधी एलटी लिहिलेलं असेल तर तो हलक्या मालवाहू गाड्यांच्या बांधणीचा टायर. कूस जाड, फाटायला कठीण, पण वजनदार आणि कडक. तेवढंच वजन पेलायला त्याला हवाही थोडी जास्त लागते. थारसारख्या गाडीवर दगडधोंड्यांच्या वाटांसाठी एलटी शोभतो. जिम्नीसारख्या हलक्या गाडीवर तो इतका ताठ राहतो की हवा उतरवूनही नीट वाकत नाही. हलक्या गाडीला दणकट टायर म्हणजे जास्त सुरक्षा, हा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय आणि तो चुकीचा आहे.

काळ्या मातीत टायर कसा असावा याचं उत्तर शेतकऱ्याच्या दारातच उभं असतं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचे उंच, तिरपे दांडे मध्यात एकमेकांकडे झुकतात आणि बाजूला मोकळे उघडतात, म्हणजे चाक पुढे फिरलं की माती मधून बाजूला ढकलली जाते. म्हणूनच तो टायर उलटा बसवत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या ६.००-१६ मापाच्या टायरवर दांडे होते, पण ते दोन्ही बाजूंना सारखे, म्हणजे कोणत्याही दिशेनं बसवला तरी चाले. युद्धभूमीवर सुटं चाक डावीकडचं की उजवीकडचं हे बघायला वेळ नसे. युद्धानंतर महिंद्रानं मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा तीच बारीक, उंच चाकांची परंपरा आपल्या खेड्यांत आली, आणि आमदारापासून भूविकास बँकेच्या साहेबापर्यंत सगळे त्याच चाकांवर हिंडले.

विकत घेताना एक गोष्ट मी स्वतः पैसे घालवून शिकलो. एका दुकानदारानं मला चमकदार काळे टायर दिले, वर रबराच्या बारीक मिशाही शाबूत. दोन पावसाळ्यांत साइडवॉलवर केसासारख्या चिरा पडल्या. तेव्हा कुठे मी तारीख वाचली. टायर माझ्याकडे येण्याआधी चार वर्षं गोदामात पडून होते. कुशीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. ३२२३ म्हणजे २०२३ चा बत्तिसावा आठवडा. ते अंक कधीकधी टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू बसवताना आत जाते. म्हणून बसवण्याआधी, टायर जमिनीवर असतानाच वाचावेत. रबर वापराविनाही म्हातारं होतं. हवेतला ओझोन आणि ऊन त्याला कडक करतात. टायर काळा असतो तो त्यात घातलेल्या कार्बन ब्लॅकमुळे. ही काजळी रबराला बळकटी देते आणि उन्हातले अतिनील किरण शोषते, पण तिचं संरक्षणही कायमचं नसतं. एका वर्षाच्या आतला टायर घ्यावा, आणि दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघावं.

झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते, ती डांबरासाठी. चिखलात आणि मुरमावर टायरचं आयुष्य त्याच्या फार आधी संपतं. निम्मी नक्षी गेली की एटी टायर प्रत्यक्षात एचटी झाला असं समजावं आणि त्याप्रमाणे वाटा निवडाव्यात.

राहिली स्टेपनी. चार महागडे टायर बसवून मागे जुनंच लहान चाक टांगलेल्या गाड्या मी दर आठवड्याला बघतो. अर्धवेळ फोर व्हील ड्राइव्हमध्ये फोर-एच लावलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडला जातो. दोन्हींना सारख्याच फेऱ्या माराव्या लागतात. एक चाक उंचीनं लहान असेल तर ताण गिअरच्या डब्यात साठत जातो, आणि कोरड्या कातळावर तो सुटायला जागाही नसते. म्हणून टायर घ्यायचे तर पाच घ्यावेत, पाचही एकाच मापाचे आणि जातीचे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही आलटून-पालटून फिरवावेत, म्हणजे सारखे झिजतात आणि स्टेपनी म्हातारी होऊन टांगलेली राहत नाही. तिची हवा दर महिन्याला बघावी. आमच्याकडच्या वाटांवर वेड्या बाभळीचे काटे नवा एमटीसुद्धा भेदतात, आणि ते बहुधा रात्री, उतारावर, रेंज नसलेल्या ठिकाणीच भेटतात. त्या वेळी पाचव्या चाकात किती पीएसआय आहे हे आधीपासून ठाऊक असलेलं बरं.